पाहुणे आले तरच?

मुंबईकराला राणीबाग बघायची असेल तर आधी साताऱ्याहून मावसभावाला यावं लागतं. तो आला की रविवार ठरतो, डबे भरले जातात, पोरं नटतात आणि वरात निघते. गेटवे, म्युझियम, म्हातारीचा बूट, हँगिंग गार्डन, हाजीअली, जमलंच तर जुहू. रात्री दहाला सगळे पाय दाबत बसतात. दुसऱ्या दिवशी मावसभाऊ गाडीत बसतो आणि मुंबईकराचा आपल्या शहरातल्या संग्रहालयांशी, लेण्यांशी, बागांशी असलेला संबंध पुढचा पाहुणा येईपर्यंत मिटतो.

या सवयीवर आज बोलायचंय, आणि जरा कडक बोलायचंय. या जागा पाहुण्यांसाठी उभ्या राहिल्या नाहीत. त्या इथे राहणाऱ्यांसाठी आहेत. एवढंच नाही, तिथे जे काही मांडलंय त्यातलं कितीतरी याच लोकांच्या गावांतून आलंय. विरार लोकलला लटकणाऱ्यांच्या, कल्याणहून पहाटे निघणाऱ्यांच्या, कोळीवाड्यांतल्या, खाडीपलीकडच्या माणसांच्या गावांतून. आणि नेमकं त्यांनाच ते कुणी दाखवलेलं नाही.

नालासोपारा घ्या. नाव काढलं की पावसात बुडालेले रूळ आठवतात, गर्दी आठवते, अनधिकृत इमारती आठवतात. हे गाव म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं गजबजलेलं बंदर. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला एक उंचवटा खणला. गावकरी त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. आत निघाला बौद्ध स्तूप. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडक, त्याच्या आत चांदीचा, दगडाचा, स्फटिकाचा आणि सोन्याचा, असे एकात एक करंडक, आणि भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती. त्याच साली त्याच गावात सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ मध्ये जवळच आणखी एक. स्तूपातला ठेवा फोर्टातल्या एशियाटिक सोसायटीकडे गेला आणि अशोकाचा शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आला.

आता सांगा, नालासोपाऱ्याहून चर्चगेटला रोज येणाऱ्यांपैकी किती जणांनी तो दगड पाहिला असेल? चर्चगेटहून संग्रहालय चालत गाठता येतं. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ज्या गावात सम्राटाला आपली आज्ञा कोरून ठेवावीशी वाटली, त्या गावचा माणूस त्या दगडाच्या इतक्या जवळ कामाला येतो, डबा खातो आणि परत जातो. त्याला बोल लावून मी मोकळा होणार नाही. नालासोपाऱ्याच्या फलाटावर त्या शिलालेखाची ठसठशीत प्रतिकृती लावा, खाली साध्या मराठीत चार ओळी लिहा, मूळ दगड कुठे आहे ते सांगा. फलाटावर पानमसाल्याच्या जाहिरातीला जागा मिळते, तर अशोकालाही मिळेल.

कल्याणचं तर याहून पुढचं आहे. बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत, शंभराहून अधिक. त्यातल्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, गावं आहेत, धंदे आहेत. कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचं टाकं दिलं. कल्याणच्याच एका लोहाराने वाट करून दिली. राजेमहाराजे नव्हेत, हातावर कमावणारी माणसं. त्यांनी पदरचे पैसे घालून डोंगरात पाणी आणि रस्ता दिला आणि कोरून ठेवलं की हे आम्ही दिलं. जवळजवळ प्रत्येक लेण्याला लागून टाकं आहे. पावसाचं पाणी खडकातल्या पन्हळींतून त्यात उतरतं. पावसाळ्यात जाऊन पाहा, ती व्यवस्था अजून चालते. आज कल्याणमध्ये उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या माणसाने आपल्याच गावच्या सोनाराचं टाकं पाहायला हवं, त्याला कितीतरी प्रश्न पडतील आणि ते त्याने नगरसेवकाला विचारायला हवेत.

कान्हेरीतलं नव्वद क्रमांकाचं लेणं मला फार आवडतं. तिथे पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये पारशी मंडळी ही लेणी बघायला आली आणि आपली नावं, दिवस, महिना कोरून गेली. हजार वर्षांपूर्वी माणसं दुसऱ्या धर्माची, दुसऱ्या भाषेच्या लोकांची जागा बघायला मुद्दाम डोंगर चढून आली होती. त्यांना रस्ता नव्हता, बस नव्हती. आपल्याला बोरिवली स्टेशन आहे, उद्यानाचं फाटक आहे, फाटकापासून आत सहा-सात किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. (यावरून किल्लीने भिंतीवर बदाम कोरायची मुभा कुणी घेऊ नये. तो गुन्हा आहे, आणि दगडाला झालेली जखम भरून येत नाही.) एकेचाळीस क्रमांकाच्या लेण्यात अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर आहे. अशी मूर्ती भारतातल्या लेण्यांत दुसरीकडे नाही. बोरिवलीत जन्म गेलेले, रविवारी सकाळी उद्यानात पळायला जाणारे लोक मला भेटतात आणि त्यांनी ती पाहिलेली नसते. बूट महागाचे असतात, पाय तिथवर गेलेले नसतात.

आता भायखळा.

राणीबागेच्या तोंडाशी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतलं हे सर्वांत जुनं. बहुतेक कुटुंबं त्याच्या पायऱ्यांवरून पेंग्विनच्या दिशेने निघून जातात. म्हणून त्याच्या जन्माची कथा सांगतो. १८५०च्या दशकात सरकारने किल्ल्यातल्या बराकीत एक संग्रह जमवायला सुरुवात केली. १८५७चा उठाव झाला, लष्कराला जागा हवी झाली, वस्तू बाहेर टाकल्या गेल्या, पुष्कळ मोडल्या. तिथे गोष्ट संपली असती. पण शहरातल्या लोकांनी ती संपू दिली नाही. डॉ. जॉर्ज बर्डवूड, जगन्नाथ शंकरशेट, भाऊ दाजी या मंडळींनी समिती केली, वर्गणी काढली. पुढे १८६५ मध्ये कापसाच्या पैशावर फुगलेला शेअरबाजार कोसळला, भलेभले शेट दिवाळखोर झाले, पैसा आटला, काम अडलं, सरकारला हात द्यावा लागला. २ मे १८७२ रोजी दारं उघडली. संग्रहालयाला नाव राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं मिळालं. सुरुवातीचा पैसा आणि धडपड मात्र मुंबईच्या माणसांची होती. १९७५ मध्ये भाऊंचं नाव दिलं गेलं, ते योग्यच झालं.

भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे. रामचंद्र विठ्ठल लाड हे त्यांचं खरं नाव. ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर. गरिबांना मोफत औषध दिलं, महारोगावर उपाय शोधण्यात वर्षं घातली, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले, आणि उरलेल्या वेळात जुने शिलालेख वाचले. सोपाऱ्याचा स्तूप खणणारे भगवानलाल याच भाऊंनी जुनागढहून बोलावून घेतलेले. भाऊंनी त्यांना देशभर लेख टिपायला पाठवलं. म्हणजे नालासोपाऱ्याचा दगड आणि भायखळ्याची इमारत यांच्यामध्ये गुरुशिष्याचं नातं आहे. हे कुणी एखाद्या शाळकरी मुलाला सांगितलं, तर त्याला दोन्ही जागा बघाव्याशा वाटतील. आपण त्याला सन पाठ करायला लावतो.

आत मातीच्या छोट्या प्रतिमा आहेत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांकडून करून घेतलेल्या. मुंबईतल्या नाना जातीजमातींची माणसं, त्यांची पागोटी, लुगडी, त्यांचे धंदे, होड्या, जुन्या शहराचे नकाशे. साहेबाने आपल्याकडे नमुने म्हणून पाहिलं, हे त्या मांडणीत दिसतं आणि ते टोचायलाही हवं. पण त्या कपाटांसमोर उभं राहिलं की आणखी एक दिसतं. हे शहर सुरुवातीपासून कामकऱ्यांचं होतं. गिरणगावातल्या कुणी आजीने तिथे उभं राहून नातवाला सांगावं की हे लुगडं असं नेसत, हे भांडं यासाठी होतं. मार्गदर्शकाला जे पाठ करावं लागतं, ते तिला जगून ठाऊक आहे. अशा आज्यांना संग्रहालयांनी बोलावून घ्यावं, मानधन द्यावं, खुर्ची द्यावी. मी हे मनापासून सुचवतोय.

बाहेर आवारात दगडी हत्ती आहे, घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली आणि हत्ती पडून फुटला. तुकडे मुंबईत राहिले, १९१४ मध्ये ते राणीबागेत पुन्हा जोडले गेले. लूट फसली म्हणून तो आपल्याला दिसतो. मुलं त्याच्या जवळून पळत पाणघोड्याकडे जातात. आईबापांनी दोन मिनिटं थांबून ही गोष्ट सांगितली, तर पाणघोडा कुठे पळून जाणार नाही.

घारापुरीचा विषय निघाला, तर पाहुण्यांवरच्या आपल्या प्रेमाचा हिशेबही होऊ द्या. लेण्यांचं नाव जागतिक वारशाच्या यादीत आलं १९८७ मध्ये. बेटावरच्या शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तीन गावांना कायमची वीज मिळाली २०१८ मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. एकतीस वर्षं जगभरचे पाहुणे त्रिमूर्ती बघून संध्याकाळच्या लाँचने परतत होते आणि ज्यांचं ते बेट, ते अंधारात जेवत होते. रात्री काही तास जनरेटर चाले, तेवढंच. जागा पाहुण्यांसाठी आहे असं एकदा ठरलं की तिथे राहणारी माणसं दिसेनाशी होतात. माझा सगळा राग याच गोष्टीवर आहे.

याच्या उलट जोगेश्वरी. सहाव्या शतकातलं अवाढव्य लेणं, भोवती वस्तीचा विळखा, वरून झिरपणारं पाणी, झिजलेले खांब. तिथे पर्यटक फारसे जात नाहीत. पण आत जोगेश्वरीदेवी आहे आणि वस्तीतल्या बाया रोज दिवा लावायला येतात. दुपारी म्हातारी माणसं गारव्याला बसतात. त्यांना ती जागा कुणी दाखवावी लागत नाही, ती त्यांचीच आहे. जाणकार मंडळी या वस्तीला नाकं मुरडतात. लेण्याची हानी होते हे खरंय, आणि ती थांबायलाच हवी. पण ज्यांना रोज तिथे यावंसं वाटतं त्यांना हाकलून देऊन लेणं वाचवू असं जे म्हणतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे. त्या वस्तीतल्या पोरांना लेण्याची राखण शिकवा, पगार द्या. लेण्यावर त्यांच्याइतका डोळा दुसऱ्या कुणाचा राहणार आहे?

पैशाचं बोलू. राणीबागेचं तिकीट बरीच वर्षं पाच रुपये होतं. पेंग्विन आल्यावर २०१७ मध्ये ते पन्नास झालं. आईबाप आणि दोन मुलं, अशा कुटुंबाला मिळून शंभर. कुटुंबाचा दर मी समजू शकतो. पण एकट्या माणसाला पन्नास? सुट्टीच्या दिवशी गोरखचिंचेखाली बसायला येणारा वॉचमन, नर्सिंगच्या वसतिगृहातली मुलगी, हे एकटेच येतात. बागेची खरी गरज त्यांनाच. मूळची ही वनस्पतींची बाग, १८६०च्या दशकात लोकांसाठी उघडलेली. इथे तीन हजारांवर झाडं आहेत, त्यातली कित्येक शहरात दुसरीकडे दिसणार नाहीत. फुलोऱ्यावर आलेली उर्वशी पाहायला पेंग्विनचं तिकीट कशाला? पेंग्विनला गारवा लागतो, त्याचा खर्च आहे, तर त्या काचेपाशी वेगळं तिकीट लावा. झाडाखाली बसणाऱ्याकडून तो वसूल करू नका. ही झाडं वाचवण्यासाठी शहरातल्या काही बायकांनी वर्षानुवर्षं लढा दिला, नकाशे तपासले, झाडं मोजली, महापालिकेच्या पाठी लागल्या. त्यांच्यामुळे ही बाग बाग राहिली आहे. मुंबईने त्यांचे आभार मानायचे राहिलेत.

आणि शहरातल्या इतर बागा! या शहरात माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास येते. मांडी घालून बसलं की संपली. त्या सव्वा मीटरलाही कित्येक ठिकाणी दुपारी कुलूप असतं. दुपारी कोण येतं, असं विचारतात. दुपारी येतो तो दोन फेऱ्यांच्या मध्ये पाठ टेकायला जागा शोधणारा पार्सलवाला. दोन घरची धुणीभांडी उरकून तिसऱ्या घराची वेळ होईतो थांबलेली बाई येते. अभ्यासाला घरात कोपरा नसलेला मुलगा येतो. सकाळी चालायला येणाऱ्यांसाठी बाग उघडता, संध्याकाळी हवा खायला येणाऱ्यांसाठी उघडता, आणि जो खरोखर दमलेला आहे त्याच्या तोंडावर बंद करता. एका बागेत मी बाकावर आडव्या झालेल्या म्हाताऱ्याला शिट्टी मारून उठवताना पाहिलंय. बाकाच्या मध्ये लोखंडी दांडा बसवतात तोही कुणी झोपू नये म्हणून. त्या दांड्यावर खर्च केलेला पैसा पाणपोईवर केला असता तर शहाणपणाचं झालं असतं.

माहीम-धारावीच्या सीमेवर, मिठीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सदतीस एकर. तिथे एके काळी शहराचा कचरा टाकत. कचऱ्याच्या डोंगरावर माती घालून, झाडं लावून जंगल उभं केलं, १९९४ मध्ये ते लोकांसाठी उघडलं. पाहुण्यांच्या यादीत ते कधीच नसतं. शहराने स्वतःच्या हाताने केलेली इतकी चांगली गोष्ट, आणि शीवहून वांद्र्याकडे जाताना आपण रिक्षातून तिच्याकडे बघतही नाही. उलट १९५१ सालचं मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय किती वर्षं बंद पडलंय. ज्या शहराचे पहिले रहिवासी कोळी, त्या शहरातल्या मुलाला जिवंत मासा बघायला ठिकाण नाही.

शाळांना एक सांगायचंय. सहल म्हणजे वॉटर पार्क, हे कुणी ठरवलं? पाण्यात डुंबायला माझी हरकत नाही, मुलांना ते हवंच. पण संग्रहालयाची सहल निघते तेव्हा तिचं काय करता ते पाहा. साठ मुलं, एकाच्या खांद्यावर दुसऱ्याचा हात, पुढे बाई, मागे शिपाई, आणि पंगतीत वाढपी सरकावा तशी ती रांग मूर्तींपुढून पुढे पुढे सरकते. थांबलं की ओरडा, हात लावला की ओरडा, हसलं की ओरडा. वर वहीत फलक उतरवून आणायचा. घरी गेल्यावर मूल म्हणतं, म्युझियम बोअर आहे. खरंच सांगतं ते. साठ मुलांना एका दिवसात सगळं दाखवण्यापेक्षा दहा मुलांना एका मूर्तीपुढे अर्धा तास बसवा. तिचे हात मोजू दे, दागिने काढू दे, हिचं नाक कुणी तोडलं ते विचारू दे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये संग्रहालय भरून शाळाशाळांत, गावोगाव न्यायला सुरुवात केली. फार चांगलं काम आहे. ती बस आली म्हणून शाळेने स्वतः जाणं सोडू नये एवढंच.

मोठ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. सगळं बघायचं नाही. एकच बघायचं. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातले मातीचे बुद्ध वस्तुसंग्रहालयात आहेत, दीड हजार वर्षांपूर्वीचे, भाजलेल्या मातीचे, काहींवर अजून रंगाचा अंश आहे. एका दुपारी फक्त तेवढेच बघा आणि बाहेर पडा. पुढच्या महिन्यात दुसरं काहीतरी. तिकीट वसूल व्हायला हवं म्हणून तीन मजले पालथे घालणारा माणूस घरी जाताना पाय दुखल्याखेरीज काही घेऊन जात नाही. जहांगीर आर्ट गॅलरीत तर तिकीटच नाही. १९५२ पासून ती काळाघोड्यापाशी उभी आहे, आत कुणीही जावं, कुणी काही विचारत नाही. तरी काळाघोडा उत्सवाला रस्त्यावर मांडलेल्या देखाव्यापुढे फोटोसाठी झुंबड उडते आणि दहा पावलांवरच्या त्या दारातून आत जाणारे मोजके असतात. आत जायला लोक बिचकतात. आपल्याला चित्रातलं काय कळतं, कपडे साधे आहेत, कुणी इंग्रजीत बोललं तर. हा संकोच मला सर्वांत जास्त छळतो. तो लोकांच्या मनात आपोआप उगवलेला नाही. दारावरच्या नजरांनी, न कळणाऱ्या फलकांनी, बसायला बाक नसलेल्या दालनांनी तो वर्षानुवर्षं रुजवला. मॉलमध्ये जाताना हाच माणूस बिचकत नाही, कारण तिथे गारवा आहे, शौचालय आहे, आणि कशाला आलात असं कुणी विचारत नाही. तेवढं तरी संग्रहालयांनी मॉलकडून घ्यावं.

वेळेचं शेवटी बोलतो, कारण बाकी सगळं तिथे येऊन अडतं. शहरातली बहुतेक संग्रहालयं सकाळी दहाच्या सुमाराला उघडतात आणि सहाच्या आसपास बंद होतात. नोकरदार माणूस नेमका त्याच वेळात कामावर असतो. उरतो रविवार, आणि त्या दिवशी मेगाब्लॉक असतो. मग तो पाहुणे येईपर्यंत थांबला तर त्यात त्याचा दोष किती? २०२० मध्ये या शहरात मॉल आणि खाणावळी रात्रभर उघड्या ठेवायला परवानगी दिली गेली. रात्री दोनला माणसाला पिझ्झा मिळावा याची काळजी ज्यांनी केली, त्यांनी संध्याकाळी सातला त्याला अशोकाचा दगड दिसावा याचीही करावी. आठवड्यातून एक दिवस, रात्री नऊपर्यंत. त्यासाठी रखवालदारांची दुसरी पाळी लागेल, त्यांना नीट पगार द्यावा लागेल, दिव्यांचा खर्च येईल. येऊ दे. भायखळ्याच्या संग्रहालयाला पूर्वी ज्या राणीचं आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं, त्याच दोघांच्या नावाचं लंडनमधलं संग्रहालय दर शुक्रवारी रात्री दहापर्यंत उघडं असतं आणि कायमची दालनं बघायला तिथे पैसे पडत नाहीत. राणीचं नाव आपण काढलं. तिथली वेळ मात्र घेण्यासारखी आहे. सुरुवात भायखळ्यापासूनच करावी. संग्रहालय पालिकेचं आहे, बाग पालिकेची आहे, स्टेशन चालत गाठण्याजोगं आहे, आणि त्यासाठी दिल्लीकडे एकही कागद पाठवावा लागत नाही.